हनोईत एक दिवस पायी: आईसोबत कसा आखावा?

नौपाडा_ठाणे

नमस्कार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी व्हिएतनामला जात आहोत. हालाँगला निघण्यापूर्वी हनोईत शनिवारचा पूर्ण दिवस हाताशी आहे आणि तो गाडीत बसून न घालवता पायी फिरावे, अशी आम्हा दोघींची इच्छा आहे. आई ६४ वर्षांची असून रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारते. त्यामुळे चालण्याची तिला सवय आहे, मात्र गुडघ्याच्या दुखण्यामुळे चढउतार सोसत नाही. ती शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. सहल कंपन्यांच्या पत्रकांत हो ची मिन्ह यांची समाधी, साहित्य मंदिर, जुना तुरुंग, जुने शहर आणि जलबाहुल्यांचा खेळ हे सारे एकाच दिवसात बसवलेले असते. यांतले काय ठेवावे आणि काय सोडावे? शिवाय तिथल्या दुचाकींच्या लोंढ्यातून रस्ता कसा ओलांडायचा, याची आईला फार काळजी वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कसबा_पेठ

नोकरीनिमित्त मी अडीच वर्षे हनोईत राहिलो आणि बहुतेक रविवार जुन्या शहरात पायी फिरण्यात घालवले. माझा स्पष्ट सल्ला असा, की समाधी आणि तुरुंग दोन्ही सोडा आणि सगळा दिवस होआन किएम तलाव व त्याच्या उत्तरेकडील जुन्या पेठा यांनाच द्या. हनोई चालणाऱ्याला कळते ते तिथेच.

शनिवार मिळाला हे उत्तम झाले, कारण शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. सकाळी सहालाच तिथे पोहोचा. त्या वेळी आपल्या आईंच्या वयाच्या कितीतरी बायका काठावर पंखे घेऊन किंवा संगीताच्या तालावर व्यायाम करत असतात. लाल रंगाच्या थे हुक पुलावरून बेटावरच्या न्गोक सन मंदिरात जाता येते. ल लोय या राजाने मिंग चिनी सत्तेला हुसकावून लावल्यावर आपली दैवी तलवार याच तलावातल्या कासवाला परत केली अशी कथा आहे आणि होआन किएम या नावाचा अर्थही ‘परत केलेली तलवार’ असाच होतो. या तलावातले शेवटचे महाकाय कासव जानेवारी २०१६ मध्ये मरण पावले. त्याचे जतन केलेले शरीर मंदिरात पाहायला मिळते.

तिथून पुढे रस्त्यांची नावे वाचत चला. ‘हांग’ म्हणजे माल, आणि त्यापुढे त्या मालाचे नाव. पुण्यात तांबट आळी आहे, तशा इथे आळ्याच आळ्या आहेत. हांग बाक ही चांदीची आळी, तिथे आजही सराफी चालते. तिथून मा मई रस्त्यावर वळून ८७ क्रमांकाचे घर तिकीट काढून अवश्य पाहा. रस्त्याकडून जेमतेम दुकानाएवढे रुंद दिसणारे हे घर आत लांबच लांब जाते आणि मधल्या चौकांतून त्याला उजेड मिळतो. आपल्या वाड्याच्या चौकाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पुढे हांग बुऑम म्हणजे शिडांची आळी. तिथल्या बाक मा मंदिराची कथा अशी, की १०१० मध्ये राजधानी येथे आणल्यावर ली थाय तो राजाने बांधलेल्या भिंती पुन्हा पुन्हा कोसळत होत्या. तेव्हा एक पांढरा घोडा प्रकट झाला आणि त्याच्या टापांच्या मागावर तट उभारल्यावर तो टिकला. नंतर जुन्या तटाची शिल्लक राहिलेली ओ क्वान च्युआंग वेस आणि मग दोंग स्वान बाजार.

परतताना हांग लुओक रस्त्यावर थोडे थांबा. तिथली अल नूर मशीद १८९० साली मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधली. हे मला कळले त्या दिवशी मी त्या छोट्या हिरव्या-पांढऱ्या इमारतीसमोर बराच वेळ उभा होतो. जवळच हांग मा आहे, जिथे पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात. अठराव्या शतकातील प्रसिद्ध वैद्य लान ओंग यांच्या नावाचा रस्ता वासानेच ओळखू येतो, कारण दालचिनी आणि वाळलेली मुळे यांची पोती दुकानांबाहेर मांडलेली असतात. हांग थियेकवर पत्रा ठोकण्याचा आवाज ऐकत आपण पुन्हा तलावाकडे याल.

दुपारी बारा ते तीन मुक्कामी विश्रांती घ्या. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रात्री हांग दाव रस्त्यावर आठवडी बाजार भरतो.

वनिता_नाशिक

जेवणाबाबत सांगते. शाकाहाराला तिथे ‘चाय’ म्हणतात, त्यामुळे ‘कोम चाय’ अशी पाटी दिसली तर ते शाकाहारी खाणावळीचे ठिकाण समजावे. बौद्ध परंपरेनुसार चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक जण शाकाहार पाळतात, त्यामुळे ही कल्पना त्यांना नवी नाही. मात्र साध्या हॉटेलात नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण माशांपासून केलेले न्युक माम पुष्कळ पदार्थांत असते आणि फो या नूडल्सच्या सुपाचा रस्सा हाडे उकळून करतात. तळलेला टोफू निर्धोक वाटतो, पण त्यासोबत बऱ्याचदा कोळंबीची चटणी येते. हनोईची प्रसिद्ध घट्ट कॉफी अंड्याच्या बलकाची असते, तेव्हा आईंसाठी घनीभूत दुधाची साधी कॉफी मागावी. ‘तोई आन चाय’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, हे वाक्य व्हिएतनामी लिपीत लिहून घेतलेला कागद मी जवळ ठेवला होता आणि त्याचा फार उपयोग झाला.

पायवाट

रस्ता ओलांडताना एक गोष्ट आपण भारतीय हमखास विसरतो: तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून प्रथम डावीकडे पाहावे. त्यानंतर दुचाकीस्वारांना आपला वेग ओळखता यावा म्हणून संथ, एकसारखी पावले टाकत जावे. ते स्वतः वळसा घेतात. मध्येच थबकणे किंवा मागे फिरणे हेच धोक्याचे. मोटारी आणि बस मात्र अशा वळत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्यावे. पदपथांवर दुचाकी आणि बुटकी स्टुले मांडलेली असल्याने कित्येकदा रस्त्याच्या कडेनेच चालावे लागते, ही तयारी आईंची असू द्या.

नौपाडा_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. मशिदीचा उल्लेख वाचून आईने तो रस्ता कागदावर लिहून ठेवला. एक शंका उरते: दोंग स्वान बाजाराजवळच लाँग बिएन पूल आहे असे दिसते. तो गुडघ्याला झेपेल का?

कसबा_पेठ

पूर्ण पूल नको. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ या काळात बांधलेला हा लोखंडी पूल अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत वारंवार तुटला आणि तितक्याच वेळा दुरुस्त झाला. त्यामुळे काही कमानी मूळच्या डौलाच्या आणि काही साध्या दिसतात. पादचाऱ्यांची पट्टी अरुंद असून काँक्रीटच्या फरशांमध्ये फटी आहेत, त्यांतून खालचे दिसते आणि शेजारून आगगाडी गेली की सगळे हादरते. आईंना हवे असेल तर शे-दोनशे पावले जाऊन तांबडी नदी दिसू लागली की परत फिरा. पुलावर मात्र दुचाकी डावीकडून जातात, तेव्हा वर ‘पायवाट’ यांनी सांगितलेला नियम तिथे उलटा लागू करा.