कन्सल्टन्सी कंपनीचं 'शाश्वत व्यवसाय' वचन: काम किती आणि रंगरंगोटी किती?

टेरी_टॉवेल
मंडळी, जरा मतं पाहिजेत. आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. बायरने सांगितलंय की पुण्याच्या एका कन्सल्टन्सीकडून सस्टेनेबिलिटीचं असेसमेंट करून घ्या, खर्च तुमचा. कंपनीचं नाव टाकत नाही, उगाच लफडं नको. त्यांनी फॉर्मच्या आधी स्वतःचं वचनपत्रच पाठवलं, म्हणजे आम्ही बघा किती चांगले. ऑफिसची सगळी वीज सोलर-पवनची, कागद बंद, विमानप्रवास कमी, दरवर्षी झाडं, २०३० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढू. वाचायला झकास आहे, नाही म्हणत नाही. पण लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या कंपनीला नेट झिरो व्हायला लागतंय काय? एसी आणि दिवे. आमच्याकडं बॉयलर आहे, डाईंग आहे, सांडपाणी साफ करायचा ईटीपी आहे, आम्हाला एक टक्का कमी करायचं तर घाम फुटतो. त्यांचा खरा परिणाम ऑफिसात नाहीच, ते जो सल्ला विकतात त्यात आहे, आणि कुठल्या क्लायंटचं काम घेणार नाही याबद्दल त्या अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. माझ्या मते ती ओळ नसेल तर बाकीचं सगळं भिंतीला रंग.

पुण्यातला_सोलापूरकर
मी याच लाईनमध्ये आहे, ती कंपनी माझी नाही हे आधीच सांगतो. एसी आणि दिवे एवढंच नसतं दादा. कार्बन मोजायचे तीन रकाने असतात, त्यांना स्कोप म्हणतात: जनरेटरचं डिझेल स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २, आणि सल्लागार कंपनीचं मोठं ओझं असतं स्कोप ३ मध्ये, म्हणजे मुख्यतः प्रवास. तो कमी करणं सोपं नाय, कारण क्लायंटला समोर माणूस बसलेला लागतो, व्हिडिओ कॉल केला की म्हणतात फी एवढी घेता आणि यायला नको. दुसरं, हे सगळं कोणी हौसेनं करत नाही. सेबीनं २०२१ मध्ये बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-समाजाबद्दलचा वार्षिक अहवाल, आणलं, २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचं झालं, त्यामुळं मोठी कंपनी पुरवठादाराला विचारते, आणि त्यात सल्लागारही आला. आधी आपल्या गावात डाईंगचं पाणी कुठं जातं हे कोणता बायर विचारत होता? आता विचारतोय. हे वाईट झालं का?

कडक_भाकरी
विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडलेल्या गावात (१५ जून २०२३, अख्खं गाव मोबाईल धरून उभं होतं) येऊन विमानप्रवास कमी करा म्हणून सांगालेत, डेरिंग आहे राव.

मागवाला
माझे बारा लूम, चादर आणि नॅपकिन. मला बी एका एक्स्पोर्टरनं असला फॉर्म दिला, त्याला त्याच्या बायरनं दिलेला. त्यात प्रश्न, संचालक मंडळात महिला किती. अरे मंडळ कुठलं, शेडमध्ये मी आणि भाऊ, आणि आई डबा घेऊन येती. पुढं विचारलंय एका किलो मालाला पाणी किती लिटर. नळाला पाणी येतंय चार-पाच दिवसांनी, मधी टँकर, मीटर कुणी बसवलाय? अंदाजानं लिहिलं आणि पाठवलं, कुणी परत विचारलं बी नाही. मग त्या आकड्याचं पुढं काय झालं ते त्या सिद्धेश्वरालाच ठाऊक. वर भीती काय घालतेत, की युरोपचा कार्बन टॅक्स येणार आणि फॉर्म नाही भरला तर तुमचा माल बंदरातच अडकणार.

सीए_नवी_पेठ
मालक, घाबरू नका. युरोपचा तो कार्बन टॅक्स म्हणजे सीबीएएम, ज्याची पैशांची वसुली १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीला लागू आहे, तो सिमेंट, लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांच्यावर आहे. टॉवेल-चादर त्यात नाही. बीआरएसआर पण थेट तुमच्यावर नाही, तुमच्या गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकावर असेल कदाचित. कोणी सल्लागार टॅक्सची भीती घालून काम मिळवत असेल तर त्याचं वचनपत्र तिथंच फाडा.

आणि आता माझा मुद्दा. झाडं-बिडं राहू द्या, व्यवसाय शाश्वत म्हणजे छोट्या माणसाचं बिल वेळेवर देणं. एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत करायचं आहे, आणि आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळं २०२३-२४ पासून उशीर केला तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. (ट्रेडर याच्यात येत नाही, लगेच मेसेज करू नका.) या सल्लागार कंपन्या स्वतः प्रिंटरवाल्याला, गाडीवाल्याला, सर्व्हे करणाऱ्या पोरांना किती दिवसांनी पैसे देतात हे त्या पत्रात आहे का? मी बरीच असली पत्रकं बघितलीत, पेमेंटचे दिवस छापलेलं एक नाही.

पुण्यातला_सोलापूरकर
पेमेंटचा मुद्दा सीए साहेबांचा शंभर टक्के बरोबर, आमच्याकडं पण ती बोंब आहे. पण टेरी_टॉवेलच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. काम नाकारा म्हणजे काय? आपल्या फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आहे, पाणी उजनीचं. असल्या ठिकाणी सल्लागारानं जायचंच नाही का? पाणी कसं वाचवायचं, राख कुठं वापरायची हे कोण सांगणार? स्वच्छ कंपन्यांनाच सल्ला दिला तर वचनपत्र चकाचक राहील आणि धूर तेवढाच निघेल.

टेरी_टॉवेल
हे उत्तर जुनं आहे भावा. २०२१ मध्ये मॅकिन्झी या जगातल्या बड्या सल्लागार कंपनीच्या ११०० च्या वर कर्मचाऱ्यांनी आपल्याच मालकांना पत्र लिहिलं होतं की आपले क्लायंट किती कार्बन सोडतात ते जाहीर करा. कंपनीचं म्हणणं हेच, की प्रदूषण करणाऱ्यांबरोबर काम केल्याशिवाय ते कमी होणार नाही. ठीक आहे, मानलं. पण राख वापरायचा सल्ला वेगळा आणि कोळसा अजून स्वस्तात कसा काढायचा हा सल्ला वेगळा, दोन्हीची फी एकाच खात्यात जमा होती आणि पत्रात फोटो फक्त पहिल्याचा. तुझ्या त्या स्कोप ३ मध्ये क्लायंटला दिलेल्या सल्ल्यामुळं वाढलेला धूर कुठल्या रकान्यात बसतो ते सांग की.

पुण्यातला_सोलापूरकर
बसत नाही. मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, कारण सल्ला दिला तरी निर्णय क्लायंटचा असतो. वकिलाला अशिलाच्या गुन्ह्यात धरतो का आपण?

टेरी_टॉवेल
वकील नेट झिरोचं पत्रक वाटत फिरत नाही बे.

माळढोक_शोधतोय
झाडांबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. मागं असल्याच एका कंपनीची पोरं टी-शर्ट घालून नान्नजकडं रोपं लावायला निघाली होती. नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे आणि त्या पक्ष्याला लागतं उघडं गवताळ माळरान, त्याला लांबवरचं दिसलं पाहिजे. तिथं झाडं लावणं म्हणजे त्याचं घर मोडणं. आधीच अशी वेळ आलीय की एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. यांच्या हिशोबात मात्र गवत म्हणजे पडीक जमीन आणि रोप म्हणजे पुण्य, कारण रोपं मोजता येतात आणि गवताचा फोटो चांगला येत नाही. आणि लावायची तारीख ५ जून, पर्यावरण दिन, पाऊस आलाय का नाही याच्याशी मतलब नाही. पाणी कोण घालणार? ज्यांना स्वतःला चार दिवसांनी मिळतंय ते?

शेंगाचटणी
सगळेच धुवायला लागलेत म्हणून उलटी बाजू मांडते. मी एका प्रोसेस हाऊसमध्ये प्रॉडक्शन बघते. आमच्याकडं पण कन्सल्टंट आले होते, त्यांचं पण गुळगुळीत पत्रक होतं, आणि आम्ही पण हसलो होतो. पण त्यातला एक इंजिनिअर दोन दिवस बॉयलर हाऊसमध्येच बसला. स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, लीक होते, आणि कन्डेन्सेट म्हणजे वाफेचं परत झालेलं गरम पाणी सरळ गटारात जात होतं. ते परत फीड टँकला, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या टाकीत, आणलं. फीड वॉटर दर ६ अंशांनी गरम झालं की साधारण १ टक्का इंधन वाचतं, हे पुस्तकातलं गणित आहे, पण वर्षानुवर्षं आमच्यातल्या कुणी ते करून बघितलं नव्हतं. भट्टीत लाकूड-भुसा कमी जातो आता, पाणीही वाचलं. त्या पत्रकात काय लिहिलं होतं ते आज मला आठवत पण नाही, त्यामुळं वचनावर एवढं डोकं फोडण्यापेक्षा कोण माणूस पाठवणार आहेत ते आधी विचारा.

टेरी_टॉवेल
ताई, हे पटलं. मग फीच तशी ठेवावी, जेवढं इंधन वाचेल त्यातला हिस्सा घ्या, नाही वाचलं तर चहा पिऊन परत जा.

शेंगाचटणी
ते पण करून बघा, पण एक धोका आहे. मग कन्सल्टंट फक्त बॉयलरच्याच मागं लागणार. लाकडाला पैसे पडतात म्हणून ते वाचवतील, पण डाईंगचं पाणी नीट साफ करायचं तर उलट खर्च वाढतो, आणि लूमवरच्या बाईसाठी धड संडास बांधला तर कुणाचा काय फायदा कागदावर दिसणार? त्यात हिस्सा काय मागणार ते?

सीए_नवी_पेठ
अजून एक भर. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्रीनवॉशिंगवर, म्हणजे पर्यावरणाचा खोटा आव आणण्यावर, मार्गदर्शक सूचना काढल्यात. मालाला किंवा सेवेला 'इको फ्रेंडली' म्हणायचं तर पुरावा लागतो. पण कंपनीचं नुसतं मिशन स्टेटमेंट, म्हणजे आमची वाढ शाश्वत तत्त्वांवर होईल वगैरे, ते त्यात मोडत नाही. म्हणून ही पत्रकं कायम भविष्यकाळात लिहिलेली असतात. टेरी_टॉवेल, तुम्ही करारात एक कलम टाका, मागच्या वर्षीच्या फीपैकी किती टक्के कुठल्या सेक्टरकडून आली ते द्या म्हणावं. नावं नकोत, त्यामुळं गोपनीयतेचं कारण देता येणार नाही.

पुण्यातला_सोलापूरकर
देता येईल, तांत्रिक अडचण काहीच नाही. पण जी कंपनी पहिल्यांदा देईल ती पुढच्या टेंडरला मार खाणार, कारण बाकीच्या गप्प बसणार. सेबीनं सगळ्यांना एकदम लावलं तर होईल, एकट्यादुकट्यानं नाही होणार.

कडक_भाकरी
म्हणजे सक्ती झाली की वचन पाळणार. ठीक.

मागवाला
बाकी चालू द्या तुमचं. शेंगाचटणी ताई, माझ्या मेव्हण्याचं छोटं डाईंग हाय, तो ट्रॅप बघणारा इंजिनिअर अजून फिरतो का इकडं? नंबर पर्सनलला टाका.