परकीय पैशाला दार उघडलं की सरकार कुणाचं ऐकतं?

१५ जानेवारी १९९८चा जाकार्तातला फोटो डोळ्यांसमोरून हलत नाही. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो टेबलावर वाकून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींवर सही करताहेत आणि निधीचे प्रमुख मिशेल काम्देसू हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत. इंडोनेशियाने १९८८मध्ये बँक काढण्याचे नियम सैल केले. बड्या घराण्यांनी आपापल्या बँका थाटल्या आणि लोकांच्या ठेवी स्वतःच्याच कंपन्यांना कर्जाऊ दिल्या. वर अल्पमुदतीची डॉलर कर्जं. एका डॉलरला अडीच हजारांच्या आत मिळणारा रुपिया, म्हणजे तिथलं चलन, १९९७च्या मध्यापासून सहा महिन्यांत दहा हजारांपलीकडे गेला. कर्ज उचललं कुणी आणि फेडलं कुणी? मे १९९८मध्ये इंधन महागलं, जाकार्ता पेटलं, चिनी वंशाच्या लोकांची दुकानं जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले. आणि त्या अटींबद्दल एकाही मतदाराला कुणी विचारलं नव्हतं.

प्रतिसाद :
साफ असहमत. मतदाराला सुहार्तोंच्या राज्यात विचारत होतं कोण? नियम सैल होण्याआधीही सरकारी बँका मर्जीतल्यांनाच कर्ज देत होत्या, फक्त ते कुणाला दिसत नव्हतं. पैसा पळाला तेव्हा वाटायला काही उरलं नाही आणि २१ मेला ३२ वर्षांची सत्ता गेली. १९९९मध्ये लोकांनी मोकळेपणाने मत दिलं, १९५५नंतर पहिल्यांदाच.

प्रतिसाद :
परकीय पैशावर सरकारी नियंत्रणं हवीत म्हणणाऱ्यांनी मलेशियाही पाहावा. १ सप्टेंबर १९९८ला पंतप्रधान महाथीर यांनी भांडवल बाहेर न्यायला बंदी घातली, तिथलं चलन रिंगिट डॉलरला ३.८०वर बांधलं. दुसऱ्याच दिवशी उपपंतप्रधान व अर्थमंत्री अन्वर इब्राहिम यांना काढलं, पुढे तुरुंगात टाकलं. अर्थव्यवस्था सावरली, हे मी नाकारत नाही. पण पैशाचं दार बंद करणारा हात विरोधकाच्या गळ्यापर्यंतही पोचतो.

धागाकर्ता :
अन्वर यांचा मुद्दा बोचला, तो मान्य. पण नियंत्रण म्हणजे मंत्र्याची मर्जीच असं कुठे आहे? चिलेत १९९१मध्ये निवडून आलेल्या सरकारच्या काळात नियम आला : बाहेरून कर्ज आणायचं तर त्याचा ठरावीक हिस्सा बिनव्याजी मध्यवर्ती बँकेत ठेवा. आज आला, उद्या गेला अशा पैशाला ते महाग पडायचं, टिकून राहणाऱ्याला फारसं नाही. त्यासाठी कुणाच्या दारात फाइल घेऊन उभं राहायला लागत नव्हतं. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी बँकांवर खरी देखरेख, अल्पमुदतीचे डॉलर सगळ्यात शेवटी.

पहिल्या प्रतिसादाचा लेखक :
चिलेला ते शहाणपण १९८२मध्ये बँका बुडून सरकारच्या गळ्यात पडल्यावर आलं. क्रमाचं मात्र पटलं. तरी एक राहतंच : डॉलर पळाले नसते, तर सुहार्तो त्या मे महिन्यात गेले असते का? याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.