मदत हवी आहे: शाळेतलं कंपोस्ट मे महिन्यात कसं जगवायचं?

आम्ही नागपुरातल्या मानेवाड्याकडचे सहा जण दर शनिवारी एका शाळेत पोरांसोबत कंपोस्ट करतो. 200 लिटरचे दोन ड्रम आहेत, बाजूला भोकं, खाली विटा. पोषण आहारातली उरलेली खिचडी, भाजीची देठं आणि त्याच्या दुप्पट वाळका पाला. वास नाही, माश्या नाहीत. (संत्र्याची सालं एकदा भसाभस टाकली, ती महिनाभर तशीच. आता बारीक तुकडे करून थोडीच टाकतो.)

अडचण सुट्टीची. आपल्या विदर्भात शाळा थेट जूनअखेर उघडते, आणि मे महिन्यात पारा 45 च्या आसपास. मागच्या वर्षी परत आलो तर ड्रममध्ये कोरडा भुगा, गांडुळं सगळी मेलेली. ओलं गोणपाट टाकून पाहिलं, दुपारपर्यंत वाळतं. हिरव्या नेटनेही फार फरक नाही. चौकीदार आठवड्यातून एकदाच पाणी घालू शकतो. ड्रम घरी नेणं जमणार नाही, खर्च फार तर पाचशे रुपये.

एप्रिलमध्येच ड्रम रिकामे करून अर्धवट खत झाडाखाली पुरावं, की आठवड्याच्या एका पाण्यावर ते टिकतं? पुरायचं तर नागपूरच्या उन्हात खड्डा किती खोल घ्यावा?