वॉरंटीतली गाडी ऑइल खातेय, इंजिन बाहेर उघडायचं का? माझं मत: अजिबात नाही

रंकाळा रायडर
आमच्या ग्रुपात सध्या हाच वाद पेटलाय, म्हणून इथं मांडतो. गाडी म्हणजे बाईक, सिंगल सिलेंडर, लिक्विड कूल्ड (इंजिन कूलंटने थंड होणारी), वॉरंटी अजून शिल्लक. दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच ऑइल काचेतल्या खालच्या रेघेखाली जातं. हिशेब केला तर १००० किलोमीटरला साधारण पाव लिटर. पार्किंगच्या फरशीवर ठिपका नाही, चेंबर बाहेरून कोरडा. शोरूमवाले म्हणतात, "थोडं ऑइल खाणारच साहेब." टॉप-अप करतात, ऑइलचं बिल लावतात आणि चावी हातात देतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री म्हणतात, "सकाळी सोडा, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडून पिस्टनच्या रिंगा बघतो."

माझं म्हणणं सरळ आहे. हेडचा बोल्ट बाहेर फिरला की कंपनीला कारण मिळालं. उद्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या आतल्या भिंतीवर, ओरखडे निघाले तर ते कारखान्यातले की मिस्त्रीच्या हातचे, हे कोण सिद्ध करणार? त्यापेक्षा शोरूमच्याच मागे लागायचं, पण तोंडी नाही, लेखी.

उद्यमनगरचा पाना
भावा, लेखी लिहून ऑइल थांबतंय व्हय? दीड लिटर ऑइल बसणाऱ्या इंजिनात पाव लिटर गेलं म्हणजे सहावा हिस्सा गेला. तू पत्रव्यवहार करत बसणार आणि तोवर वॉल्व उघडणारा कॅम कोरडा फिरणार. आणि एक सांगतो, राग मानू नको. शोरूमात हेड उघडणारा पोरगा बऱ्याचदा आमच्याच गल्लीत शिकलेला असतोय. शिरोली-गोकुळ शिरगावात मोठमोठ्या कंपन्यांची कास्टिंगं ओततात आणि आम्हाला रिंग बदलता येत न्हाई?

जॉबकार्ड
सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसून झालंय माझं, म्हणून दोघांनाही विचारतो. पातळी बघितली कशी? "ऑइल कमी झालं" म्हणून येणाऱ्यांतले बरेच जण साइड स्टँडवर गाडी झुकवून काच बघतात. इंजिन गरम करा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी सपाट जागेवर सरळ उभी करा आणि मग बघा. काडी असेल तर काही गाड्यांत ती आटे फिरवून मोजायची असते, काहींत नुसती टेकवायची. मॅन्युअलात लिहिलेलं असतं, पण ते डिकीतून बाहेरच येत नाही.

दुसरं, सर्व्हिसिंगला ऑइल जास्त भरलं गेलं तर जादाचं ब्रिदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि तिथून जळतं. मालकाला वाटतं इंजिन गेलं. डबा उघडा, फिल्टर ओला आहे का बघा. आणि गाडी लिक्विड कूल्ड आहे ना? मग कूलंटची बाटलीही बघा. कूलंट उतरतंय आणि ऑइल दुधाळ दिसतंय तर हेड गास्केट किंवा वॉटर पंपचं सील. पातळी उलट चढतेय आणि पेट्रोलचा वास येतोय तर ते दुखणं वेगळं.

रंकाळा रायडर
मेन स्टँडवर, गरम इंजिनावरच बघितलंय. फिल्टर कोरडा, कूलंट जागच्या जागी. ऑइल मॅन्युअलात दिलेल्याच ग्रेडचं, जासो एमए २ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) वालं, शोरूमनेच भरलेलं.

उद्यमनगरचा पाना
मग धूर बघ की. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपका आणि मग साफ, तर वॉल्व सील, म्हणजे वॉल्वच्या दांडीवर ऑइल अडवणारं सील. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना थ्रॉटल सोडून गिअरवर गाडी धरतोस ना? खाली आल्यावर थ्रॉटल दिला आणि मागच्या गाडीवाल्यानं नाक धरलं, तरी सील न्हाईतर गाइडच, म्हणजे वॉल्व ज्यात सरकतोय ती नळी. बंद थ्रॉटलला इंजिन वरनं ऑइल ओढतंय. पण लोडवर, चढाला सतत निळा धूर असंल तर रिंगा. नव्या गाडीत रिंगा बसल्याच न्हाईत असंही होतंय. पहिल्यांदा लै जपून, एकाच स्पीडला चालवली की बोअर गुळगुळीत काचंगत होतोय आणि रिंग धरत न्हाई.

रंकाळा रायडर
घाट उतरून थ्रॉटल दिला की धूर येतो. चढाला नाही.

उद्यमनगरचा पाना
मग वॉल्व सील. एका दिवसाचं काम. यासाठी महिने घालवणार?

शाहूपुरीकर
मी पानाच्या बाजूने. वॉरंटी वॉरंटी करत गाडी दर आठवड्याला शोरूमच्या दारात उभी करायची, सुट्टी टाकायची, रिक्षाने ऑफिसला जायचं. याचा खर्च कोणी धरत नाही. सील आणि मजुरी मिळून जे काही होईल ते द्या आणि मोकळे व्हा. तत्त्वासाठी भांडायला आपल्याला वेळ आहे का?

जॉबकार्ड
वेळेचा मुद्दा मान्य, पण हेड उघडल्यावर सीलऐवजी गाइडच सैल निघालं तर? हेडचा खर्च सीलच्या कितीतरी पट, आणि तेव्हा वॉरंटीत परतायची वाट बंद. म्हणून आधी ऑइल खपाची चाचणी मागा. ऑइल वरच्या रेघेपर्यंत भरायचं, ड्रेन बोल्टला आणि भरायच्या झाकणाला पेंटची खूण मारायची, किलोमीटर लिहायचे. ठरलेलं अंतर चालवून परत यायचं आणि किती घटलं ते त्यांनीच मोजायचं. तोवर मधे पातळी बघत राहा. खालच्या रेघेला आली तर बाहेर ओतू नका, गाडी तिथंच न्या. त्यांनी भरलेलं ऑइल मोजून नोंदवलं की तोही पुरावा.

आणि जॉबकार्डवर (सर्व्हिसच्या नोंदीच्या कागदावर) "जनरल चेकअप" लिहू देऊ नका. "ऑइल कमी होते, घाट उतरल्यावर निळा धूर" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत घ्या. काउंटरवरचा माणूस टाळतो तो तुमच्याशी वैर म्हणून नाही. त्याला वर कंपनीला फोटो आणि आकडे पाठवावे लागतात, त्याशिवाय क्लेम पास होत नाही. आकडे तुम्ही आणून दिले तर त्याचंही काम सोपं होतं.

तक्रारदार
शाहूपुरीकर, भांडायला वाटतं तितकं लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, कोल्हापुरातच चालतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, ती कंपनीपर्यंत जाते.

पण धागा सुरू करणाऱ्याचा मुद्दा इथेच महत्त्वाचा आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. बाहेर उघडून सील बदललेलं इंजिन पाठवून काय सापडणार? जुनं सील तुम्ही डबीत जपून ठेवलं तरी ते याच गाडीचं, हे कशावरून?

शाहूपुरीकर
कायद्यात सगळं छान असतं. निकाल लागेपर्यंत गाडी विकायला झालेली असते. एवढ्याशा कामाला न्यायालय कशाला?

तक्रारदार
निकालापर्यंत जायचंच असं नाही. कागद पक्के असले की बरेचदा त्याआधीच विषय मिटतो. मिटला नाही तर पुढचं.

रंकाळा रायडर
ठरवलं ते सांगतो. शोरूममध्ये खुणा मारून चाचणी लावतो, त्याच जॉबकार्डवर धुराचं लिहून घेतो आणि कंपनीला मेलवर प्रत टाकतो. पाना, तुझ्याकडे येतो, पण फक्त कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघायला. त्याला प्लग काढला की पुरतं.

उद्यमनगरचा पाना
ये. आधी कोरडं बघू, मग प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल सोडून परत बघू. दुसऱ्या खेपेला आकडा चढला तर रिंगा, न्हाईतर रिंगांवरचा संशय कमी, माझं सील खरं ठरायची शक्यता जास्त. पैसं घेणार न्हाई. पण चाचणी झाल्यावरही शोरूमवाल्यानं "नॉर्मल आहे" म्हणून पाठवलं, तर हेड मी उघडणार.

रंकाळा रायडर
नाही. तेव्हा आयोगात जाणार.