कारण : खाजगी काम (ऑफिस आणि सुट्टीचे तुमचे अनुभव सांगा)

आवक-जावक

गेल्या बुधवारी मी एक किरकोळ रजा टाकली. घरात कुणी आजारी नव्हतं, लग्न नव्हतं, बारसं नव्हतं. अर्जावर नेहमीचं ‘खाजगी काम’ लिहिलं आणि घरी बसले. अकरापर्यंत फ्रिज पुसून झाला, मिक्सरची भांडी घासली, कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या. साडेबाराला ऑफिसातून फोन: ‘मॅडम, ती लेखाआक्षेपाची फाइल कुठंय?’ सांगितलं. त्यानंतर तीन वाजेपर्यंत मी चक्क पुढच्या फोनची वाट बघत होते.

मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात आहे, राहते बदलापूरला. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा सेक्शनमध्ये पेढे वाटले होते. मग कळलं, साडेपाचला सुटणारं ऑफिस आता सव्वासहाला सुटणार. मिळालेला शनिवार आठवड्याची झोप फेडण्यात जातो.

खात्यावर अर्जित रजा आहे २८७ दिवस. १ जुलैला आणखी १५ पडतील, आणि तीनशेच्या वर साठत नाही. आमच्याकडे रजा घेत नाहीत, साठवतात. निवृत्तीला तीनशे दिवसांचा पगार हातात येतो म्हणून. मागच्या महिन्यात आमचे अधीक्षक पूर्ण तीनशे घेऊन निवृत्त झाले. निरोप समारंभात प्रत्येकानं त्याचंच कौतुक केलं. टाळ्या मीही वाजवल्या. परतताना गाडीत हिशेब केला: या माणसानं आयुष्यातले दहा महिने न वापरता परत केले.

तर सांगा. मनाली-केदारनाथचे फोटो नकोत. रोजचं ऑफिस कसं चालतं, आणि हातात एखादाच मोकळा दिवस, किंवा तासभर, आला तर तुम्ही त्याचं काय करता?

८:१२ लेडीज स्पेशल नाही

तुम्ही घरी बसलात हीच चूक. बाई घरी दिसली की घराला कामं आठवतात. मी वर्षातून तीन-चार वेळा रजा टाकते आणि घरात सांगत नाही. नेहमीसारखी आंघोळ, डबा, पर्स, ८:१२ची लोकल. फक्त उतरते दुसरीकडे.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत जायचं ठरवलं होतं. लहानपणी वडिलांबरोबर गेले होते, त्यानंतर मुलांना घेऊन. एकटी कधीच नाही. गेले तर फाटक बंद! राणीची बाग बुधवारी बंद असते. शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. हातात डबा घेऊन रस्त्यावर उभी, आणि मला हसू आवरेना. इराण्याकडे बन-मस्का खाल्ला, दोन चहा घेतले, अख्खं वर्तमानपत्र वाचलं, अगदी छोट्या जाहिरातींसकट. मग दादरला जाऊन फुलबाजारात हिंडले, काही न घेता. डबा एका बाकावर बसून खाल्ला. भाजी गारच होती, पण गवार इतकी छान झालीय हे त्या दिवशी कळलं, कारण एरवी मी डबा संगणकाकडे बघत खाते.

नेहमीच्या वेळेला घरी. नवरा म्हणाला, ‘आज दमलेली दिसत नाहीस.’

आता मंगळवारी किंवा शुक्रवारी रजा टाकते.

नियमावली

@८:१२, घरच्यांशी खोटं बोलायची काय गरज? सरळ सांगून जा की.

८:१२ लेडीज स्पेशल नाही

सांगून गेले तर येताना गिरणीतून दळण आणायचं असतं, भाऊ.

गुरुवारवाला

भोसरीला एका कारखान्यात आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहू नयेत, विजेचा भार वाटला जावा म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार दिले होते, तेव्हापासूनचं हे. बायको शिक्षिका, तिची सुट्टी रविवारी. म्हणजे आमच्या घरात आठवड्याला दोन रविवार, आणि दोन्ही अर्धे.

सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. लग्नं रविवारी, नातेवाईक रविवारी, मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन रविवारी, आणि मी फर्स्ट शिफ्टला पहाटे पावणेसहाची कंपनीची बस पकडायला नाक्यावर. बदली मिळवायची म्हणजे सुपरवायझरपुढे तोंड वेंगाडायचं. सासरच्यांना बरीच वर्षं वाटायचं, जावई मुद्दाम येत नाहीत.

फायदा हळूहळू कळला. गुरुवारी सगळं जग चालू असतं. बँक, आरटीओ, तलाठी, गॅस एजन्सी, डॉक्टर, सगळी कामं रजा न टाकता होतात. अख्ख्या सोसायटीची कामं माझ्याकडे यायला लागली तेव्हा मात्र मी एक नियम केला: महिन्यातला पहिला गुरुवार कुणाचाच नाही. त्या दिवशी मी कासारवाडीहून लोणावळा लोकल पकडतो आणि मळवलीला उतरतो. तिथून चालत भाजे लेण्यांना. पायऱ्या चढून चैत्यगृहात जाऊन बसतो. छताच्या कमानी बघा कधी. दगडाच्या लेण्यात जुन्या लाकडाच्या कमानी अजून टिकल्यात. मी आयुष्यभर फिटर. सांध्यात लाकूड कसं बसवलं असेल हे बघण्यात माझा तास कसा जातो कळत नाही. कधी पुढे लोहगडापर्यंत जातो, कधी नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी गुराखी आणि मी.

मुलगी प्राथमिक शाळेत होती तेव्हा बाकीचे तीन गुरुवार तिचे होते. शाळेतून आणायचं, वरण-भात मी लावायचा, वाटेत तिला पेरू हवा असायचा. एकदा तिनं निबंधात लिहिलं होतं, ‘माझे बाबा गुरुवारी असतात.’ बाईंनी खाली लाल शाईत विचारलं होतं, ‘आणि इतर दिवशी?’ ती वही मी जपून ठेवलीय. आता ती अकरावीत. गुरुवारी घरी कुणी वाट बघत नाही, त्यामुळे पहिला गुरुवार सोडून बाकीच्या तीन दिवसांचं काय करायचं, हा माझाही प्रश्न आहेच.

ढिगाऱ्याखालून

आयटी, हिंजवडी. क्लायंट अमेरिकेत. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांचा थँक्सगिव्हिंग असतो, शुक्रवारीही तिकडे कुणी नसतं. त्या दोन दिवसांत मी कधीच रजा टाकत नाही. मेल नाहीत, रात्री नऊचा कॉल नाही. ऑफिसात बसून जितका आराम होतो तितका घरी होत नाही. रजा टाकतो त्यांच्या कामाच्या दिवशी. एवढीच अक्कल आठ वर्षांत आली.

टोकन नंबर ७

मी बँकेत, सांगलीला. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. त्याआधी दर शनिवारी अर्धा दिवस असायचा, कागदोपत्री अर्धा. कॅश दहा रुपयांनी जुळत नाही म्हणून चार वाजेपर्यंत बसलेली मी आहे. शेवटी दहाची नोट काउंटरच्या फटीत सापडली होती. महिन्यात पाचवा शनिवार आला की मात्र जिवावर येतं, तो आम्हाला चालू असतो. ग्राहकांना हे ठाऊक नसतं, त्यामुळे त्या दिवशी शांत असतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाणं शिकायला लागले. आवाज बेताचा आहे, सांगून टाकते. दुसऱ्या शनिवारी सकाळी मिरजेला क्लास, आणि तिथं गेल्यावर पाय आपोआप सतारमेकरांच्या गल्लीकडे वळतात. माझा तानपुरा जुना, सासूबाईंच्या मावशींचा. त्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बिघडली म्हणून पहिल्यांदा गेले होते. तारा टेकतात त्या घोडीवर कानस एवढी हलकी फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं काहीच केलं नाही. मग तारेखाली दोरा सरकवायचा आणि ऐकायचं. परत कानस, परत ऐकायचं. दीड तास. मी दिवसभर नोटा मोजते, वेगानं. एवढ्या सावकाशीनं कुणी काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुकानात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे टांगलेले असतात. कारागीर बोटानं टिचकी मारून सांगतात, हा बोलेल, हा नाही बोलणार.

आता काही बिघडलेलं नसलं तरी जाते. ते स्टूल सरकवतात.

चौथ्या शनिवारचं विचारू नका. तो घर आवरण्यात जातो.

फोर्टातला डबा

ऑफिसातली खरी मजा दुपारी एक ते पावणेदोन. आमचा सहा जणांचा डब्याचा गट आहे. कुणाच्या घरी काय चाललंय ते डब्यावरून कळतं. सलग तीन दिवस बटाटा आला की समजायचं, वहिनी माहेरी.

एप्रिलमध्ये डबेवाले गावच्या जत्रेला जातात, मुळशी, मावळ, जुन्नर, आंबेगाव या बाजूचे बहुतेक. चार-पाच दिवस डबा बंद. गेल्या वर्षी त्या आठवड्यात आम्ही बाहेर खायला लागलो आणि दहा मिनिटांत जेवण उरकलं. उरलेल्या वेळात काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत शिरलो, कारण एसी होता आणि तिकीट नव्हतं. तेवीस वर्षं त्या रस्त्यानं जातोय, आत पाऊल टाकलं नव्हतं. आता डबा सुरू झाला तरी मी आणि क्लेम्स विभागातला एक जण आठवड्यातून एकदा लवकर जेवून जातो. प्रदर्शनं बदलत राहतात. कळतं असं नाही. मागे एका चित्रासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो, तर चित्रकार स्वतः येऊन म्हणाला, ‘आवडलं?’ मित्र म्हणाला, ‘हो, पण किमतीत एक शून्य जास्त पडलंय.’

दोडामार्गचा

आमच्या सेक्शनला कोकणातले चार जण. गणपतीला चौघांना रजा एकदम मिळणं शक्य नाही, म्हणून साहेबांनी वर्षं वाटून दिलीत: यंदा दोघं पहिल्या दिवसापासून, दोघं गौरी-विसर्जनाला. ठरवाठरवी जूनमध्येच होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. आम्हाला वाटलं होतं त्यामुळे तिकीट मिळेल. सकाळी आठला चौघं चार मोबाइल घेऊन बसलो. आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग. साहेब आमचे विदर्भातले. मागून बघत म्हणाले, ‘काय राव, एवढी मेहनत बिलं काढाले केली असती तर!’

स्टुटगार्टहून

इथं जानेवारीतच सहकारी कॅलेंडर घेऊन बसतात. मे महिन्याच्या आसपास एक सण असतो, येशूच्या स्वर्गारोहणाचा, तो नेहमी गुरुवारीच येतो. मधला शुक्रवार म्हणजे पुलाचा दिवस, ‘ब्रुकेनटाग’. एक रजा टाकली की चार दिवस. त्या शुक्रवारासाठी आमच्या टीममध्ये जेवढी चुरस असते तेवढी बढतीसाठी नसते.

मी मात्र सात वर्षं सगळी रजा भारतवारीसाठी साठवली. तीन आठवडे कोल्हापूर. त्यात बँकेचं केवायसी, दात, चष्मा, आधारचा पत्ता, चौदा घरी जेवण. परत येताना विमानात झोपायचो तीच सुट्टी. दोन वर्षांपूर्वी तिकडे असताना सणकून ताप आला, पाच दिवस अंथरुणात. इथला कायदा असा, की सुट्टीत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला असेल तर ते दिवस रजेतून कापत नाहीत. ऑफिसला लगेच कळवलं, दाखला पाठवला, पाच दिवस परत मिळाले! ते मी ऑक्टोबरमध्ये इथंच, कुठंही न जाता घालवले. रोज सकाळी जंगलात चालायला जायचो, दुपारी पिठलं-भात. आईला फोनवर सांगितलं नाही की रजेवर आहे. तिला वाटलं असतं, मग इकडे का नाही आला.

मुक्कामी गाडी

एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना १९८८ पासून आहे, तरी अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा, हवं तिथं चढा, हवं तिथं उतरा. मी लातूरचा, भूमी अभिलेखमध्ये, म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी. चार दिवसांचा पास काढला आणि ठरवलं, स्टँडवर पहिली जी सुटेल तिच्यात बसायचं.

पहिली लागली अंबाजोगाई. योगेश्वरीचं दर्शन घेतलं. मग परळी, मग परभणीत मुक्काम. लॉजवर डासांनी फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी जिंतूरवरून लोणारला. उल्केनं झालेलं ते सरोवर शाळेच्या पुस्तकात पाठ केलं होतं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी काठावर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी मेहकर, शारंगधर बालाजी. मूर्तीसमोर उभं राहिल्यावर मोजणीची सवय आडवी येते; उंची डोळ्यांनीच मोजत बसलो. चौथ्या दिवशी दिवसभर परतीचा प्रवास, कंबर गेली.

बायको म्हणाली, काय बघितलंत? मी म्हटलं, स्टँड. खोटं नाही. पण चार दिवसांत एकानंही ‘साहेब, माझी मोजणी कधी?’ असं विचारलं नाही.

आवक-जावक

सगळं वाचलं. काल पाच दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज दिला, ‘आधीचे व नंतरचे शनिवार-रविवार जोडून घेण्याच्या आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह’. साहेबांनी वर बघितलं. ‘घरी काही प्रॉब्लेम?’ नाही म्हटलं. ‘मग?’ खाजगी काम. दोन वेळा अर्ज वाचून सही केली आणि म्हणाले, लेखाआक्षेपाची फाइल देऊन जा. दिली. कपाटाची किल्लीही दिली.

@गुरुवारवाला, मळवलीला बदलापूरहून कसं यायचं?

गुरुवारवाला

कर्जतला येऊन लोणावळ्याची एक्स्प्रेस धरा, तिथून पुण्याकडची लोकल, पहिलंच स्टेशन मळवली. वेळापत्रक आधी बघा, दुपारी लोकलला मोठा खंड असतो. अडकलात तर डबा बरोबर असू द्या. पहिल्या गुरुवारी आलात तर वरती चैत्यगृहात मी दिसेन, मान वर करून बसलेला.