'मी मांकी' : कोणाला कोणाची आठवण येते?

कोरी पाटी : सहा महिने इटालियन शिकतेय. 'मांकारे' या क्रियापदाने पार घोळ घातलाय. पत्रमैत्रिणीला "तुझी खूप आठवण येते" असं कळवायचं होतं. 'मांको' हे 'मी'चं रूप, 'ती' म्हणजे तुला, म्हणून लिहिलं, "ती मांको". तिचं उत्तर आलं, "चेर्तो!" म्हणजे "अर्थात!" मी जरा हिरमुसलेच. मग कळलं, "तुला माझी आठवण येते" असं मीच ठोकून दिलं होतं! आठवण काढणारी मी, तर क्रियापद तिच्यामागे का जातं?

जुनी वही : इंग्रजीतून शिकताय ना? तिथेच घात झाला. 'आठवण येणे' हा अर्थ डोक्यातून काढा. मांकारे म्हणजे कमी असणे, उणं असणे. मग सगळं मराठीच्या वळणाने जातं. 'मी मांकी' : मला तू उणी आहेस. कर्ता जो नाही तो, आणि ज्याला चुटपुट लागलीय तो 'मला'. आपलं 'मला आवडतं' असंच चालतं की! खरी गंमत कानाची आहे. त्यांचं 'मी' म्हणजे आपलं 'मला', त्यांचं 'ती' म्हणजे आपलं 'तुला'. मी पहिले कित्येक दिवस 'मी' ऐकलं की स्वतःलाच कर्ता समजत होतो.

एकदा 'कमी' पकडलंत की बाकीचं आपोआप उलगडतं. 'मांका इल साले' : मीठ कमी आहे. 'मांकानो चिंक्वे मिनूती आल्ले ऑत्तो' : आठला पाच मिनिटं कमी. आणि माझं सर्वांत लाडकं, संकटावर संकट आलं की कपाळाला हात लावून म्हणायचं 'ची मांकावा सोलो क्वेस्तो!', म्हणजे आपलं 'एवढंच बाकी होतं!'

कोरी पाटी : अरे वा! आणि भूतकाळात?

जुनी वही : 'एस्सेरे' ('असणे') हे सहाय्यक क्रियापद लावा, आणि रूप जुळवा ते जिची उणीव भासली तिच्याशी. मैत्रिणीला 'मी सेई मांकाता', मित्राला 'मी सेई मांकातो'. तुम्ही स्वतः बाई की पुरुष, याचा इथे संबंध नाही. 'मला तो रस्ता आवडला, ती गल्ली आवडली', तसंच.

तिसरा बाक : थोडी भर घालतो. नेम चुकला तर मात्र सहाय्यक क्रियापद 'आवेरे' ('जवळ असणे') : 'ओ मांकातो इल बेर्साल्यो'. आणि एखाद्याबद्दल नुसतं 'ए मांकातो' म्हटलं, तर ते आपल्या 'गेले'सारखं, निधनाबद्दल हळुवारपणे बोलायचं. 'मी' विसरलात तर समोरचा दचकेल.

कोरी पाटी : बापरे, बरं सांगितलंत! आता तिला नीट लिहिते. दोघांचे आभार.

जुनी वही : ची मांकेरेब्बे! (हेही त्याच क्रियापदाचं. अहो, आभार कसले!)