गाडीच्या छताचा पापुद्रा निघतोय. पॉलिशने जाईल की रंगच मारावा लागेल?

केळीपट्टा_यावल
राम राम मंडळी. गाडी 2009 ची, पेट्रोल, मेटॅलिक निळी. 2014 ला भुसावळच्या एका मास्तरांकडून घेतली तेव्हा छतात तोंड दिसायचं. आता 1,38,000 किलोमीटर झाले. इंजिनाची कुरकुर नाही, पण छत बघवत नाही.

माझं ठिबकच्या सामानाचं दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे. बारा वाजेपासून दिवस बुडेपर्यंत गाडी दारात तापते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा छतावर हात ठेवून दाखवा. आधी मधोमध पांढुरकं धुकं आलं, मग त्याला नकाशासारख्या कडा फुटल्या. आता तर उन्हाने सोललेल्या पाठीसारखे पापुद्रे निघतात. धाकटी पोरगी ते नखाने काढत बसते, रागावलो तरी ऐकत नाही. बॉनेटवर पापुद्रा नाही, नुसता मळकटपणा आहे.

एका गॅरेजवाल्याने 1,800 रुपये घेऊन रबिंग-पॉलिश मारून दिलं. घरी आणली तर बायको म्हणे, कोणाची गाडी आणली? दोनदा धुतली आणि परत जैसे थे. पाणी मारलं की डाग दिसत नाही, म्हणजे आतला रंग शाबूत असेल ना? मग पॉलिशवाला कच्चा होता का?

नंदुरबारी_भाऊ
मन्ही गाडीनं बी तेच शे, भाऊ! मी महिन्यातून एकदा वॅक्स लावतो. लांबून बरी दिसते.

स्प्रेगन_धुळे
भाऊ, पाण्याच्या भरवशावर राहू नका. क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नुसतं वरून मेलेलं असो की पार उडालेलं, ओलं केलं की दोन्ही सारखंच चकाकतं. पाणी बारीक खाचांत भरतं म्हणून पांढरेपणा लपतो. पॉलिशमधलं तेलही तेच करतं. तुमची चमक दोन धुण्यांत गेली ती त्यामुळे.

मी 22 वर्षं डेंटिंग-पेंटिंगमध्ये आहे, मी कसं बघतो ते सांगतो. गाडी सावलीत थंड होऊ द्या, शाम्पूने धुवा, पूर्ण वाळू द्या. डागाच्या कडेवरून नख फिरवा. पायरी लागली की समजायचं, तिथलं क्लिअर सुटलं. पायरी नसेल तर वीतभर जागेत पांढऱ्या सुती फडक्याने हातानेच रबिंग करा. चमक आली आणि धुतल्यावरही टिकली, तर फक्त वरचा थर मेलाय, ते पॉलिशने निघतं. फडक्याला निळा रंग आला तर तिथेच थांबा. मेटॅलिक गाडीत निळा रंग क्लिअरच्या खाली असतो. तो फडक्यावर आला म्हणजे वर काही उरलेलं नाही.

क्लिअरचा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसापेक्षाही बारीक. ऊन पचवायची ताकद त्यातच असते आणि ती वर्षागणिक संपत जाते. दर रबिंगला थोडा थर तुम्हीच घासून काढता. म्हणून छत आणि बॉनेट आधी जातात, दरवाजे मागून. पॉलिशवाला कच्चा नव्हता. त्याने काम घ्यायलाच नको होतं.

अमळनेर_सायडिंग
माझा अनुभव ऐका आणि ही चूक करू नका. बाजारातून क्लिअरचा स्प्रे डबा आणला, पापुद्र्यांच्या कडा जरा घासल्या आणि वरून मारला. पहिले चार महिने गावभर मिरवलो. मग जुन्या कडेपासूनच परत सुटलं, शिवाय नवं क्लिअर पिवळं पडलं.

केळीपट्टा_यावल
आज सकाळी ऊन चढायच्या आत करून बघितलं. छताला तीन ठिकाणी नख अडलं, फडकं निळं झालं. बॉनेटवर नख गुळगुळीत गेलं, घासल्यावर चमक आली आणि दुपारी धुतल्यावरही आहे! म्हणजे बॉनेट वाचलं, छत गेलं. वायपरजवळचे पांढरे ठिपके मात्र घासूनही गेले नाहीत. आता छताचं काय?

स्प्रेगन_धुळे
ठिपके बहुतेक बोअरच्या पाण्याचे. उन्हात धुतली की क्षार तिथेच भाजून बसतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं मिनिटभर ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा.

छत पूर्णच करा, डागापुरतं नाही. जुन्या क्लिअरच्या कडेवर नवं टिकत नाही, वर अमळनेरकरांनी सांगितलंच. 320 किंवा 400 नंबरच्या घासायच्या पेपरने सगळ्या कडा सपाट व्हायला हव्यात, पत्रा उघडा पडेल तिथे प्रायमर, मग 800 चा पेपर, मग निळा, मग हार्डनरवालं (कडक करणारं रसायन मिसळलेलं) क्लिअर. पेंटरला रंगाचा कोड गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवरून घ्यायला सांगा, नजरेने मॅचिंग नको. 15 वर्षांत दरवाजाचा निळा फिकटला असणार, म्हणून आधी एका पत्र्यावर नमुना मारून दरवाजाशेजारी धरून बघा. घरी मारायचा विचार असेल तर सोडा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते छातीला बाधतं आणि साध्या फडक्याच्या मास्कला जुमानत नाही.

आत्ता मे-जूनमध्येही नको. गन सोडली की थेंब पत्र्यावर पसरायच्या आत वाळतो, छत खरखरीत होतं. पावसाळ्यात ओलीने क्लिअर दुधाळ पडू शकतं. दिवाळीनंतर करा.

केळीपट्टा_यावल
मग दिवाळीनंतरच. इथल्या पेंटरने छताचे 5,500 सांगितलेत, कोड आणि नमुन्याचं त्याच्या कानावर घातलंय. तोवर दुकानापुढे हिरवी शेडनेट बांधून घेतली. दहा वर्षं लोकांच्या रोपवाटिकांना विकतोय, स्वतःच्या गाडीवर टाकायचं सुचलं नाही. बायकोने यावर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

स्प्रेगन_धुळे
जाळी खांबांवर ताणून बांधा, गाडीवर टेकू देऊ नका. वारा सुटला की धुळीसकट बॉनेटवर घासेल. आणि पोरीला सांगा, दिवाळीपर्यंत छत तिचं, काय सोलायचं ते सोल. पेंटरचं तेवढं काम कमी.